वाटणीत आलेला समुद्र

सुखदेव, भांडण अर्धवट टाकून निघून जायची तुझी रीत नव्हती. पंक्चर काढता काढता गिऱ्हाईक सोडून उठशील, भरल्या ताटावरून उठशील, पण भांडणातून उठणारा तू नव्हे. आणि या खेपेला असा गेला की मला शेवटचा शब्दसुद्धा बोलू दिला नाही. हे काही बरं केलं नाही तू.

लोक म्हणतात, मास्तर, सुखदेवबद्दल चार शब्द लिहा. जन्म कुठला, शिक्षण किती, माणूस कसा मनमिळाऊ. मनमिळाऊ! बीबी गावच्या स्टँडवर तुझ्या सायकलच्या दुकानासमोर उभं राहून तुला कोणी मनमिळाऊ म्हटलं असतं, तर तू त्याच्या दोन्ही चाकांची हवा सोडली असती. ते मी लिहिणार नाही. मी आपल्या भांडणाचंच लिहितो. सोळा-सतरा वर्षं आपण एकाच गोष्टीवर भांडलो. समुद्रात कोणी कोणाला वाचवलं? तू म्हणायचा, मास्तरले म्या काढलं. मी म्हणायचो, सुखदेवला मी काढलं. आणि परवा तुझ्या तेरवीला वहिनीने भर मंडपात मला तेच विचारलं. मी काय उत्तर दिलं ते सांगतो, पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगू दे. मधे बोलू नको.

राज्य नवंनवं झालं होतं तेव्हा. आपण आधी मध्यप्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात आलो. घर तेच, वावर तेच, शेजारी तेच, फक्त शाळेतला नकाशा बदलला. मी तेव्हा लोणारच्या शाळेत नुकताच लागलो होतो. नवा नकाशा बगलेत धरून बीबीच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत होतो, तर तू तो दुकानात नेऊन फळीवर पसरला. ऑइलनं काळं झालेलं बोट थेट निळ्या रंगावर ठेवलं.

“हे काय हाय बे?”

“समुद्र.”

“कोनाचा?”

“आता महाराष्ट्राचा.”

“म्हंजे आपला?”

“हाव, म्हटलं तर आपलाच.”

“मंग काय बसला इथं? वाटनीत आलेलं वावर मानूस एक डाव तरी पाहून येते का नाई? आपन आपला समुद्रच पाह्यला नाई अजून!”

त्या नकाशावर तुझ्या बोटाचा डाग शेवटपर्यंत राहिला. पोरं विचारायची, गुरुजी, हे कोणतं बेट? मी म्हणायचो, ते सुखदेव बेट, परीक्षेला येत नाही.

आता समुद्र पाहायचा तर जायचं कुणाकडे? त्याची सोय लोणारच्या पोस्टात बसली होती. वसंता. मालवणकडचा पोरगा, नोकरीत बदली होऊन आपल्याकडे येऊन पडला होता. पहिल्याच महिन्यात तो गळ घेऊन तळ्यावर गेला होता, खारं पाणी दिसलं म्हणून. त्या पाण्यात मासा जगत नाही हे कळल्यावर बिचारा काठावर बसून रडायचाच बाकी राहिला. आपण त्याला शेंगदाण्याची चटणी खाऊ घालून जगवला. त्यानंच मे महिन्यात म्हटलं, चला रे माझ्या घरी. पोस्टाशेजारी मशीन टाकून बसलेला अजीज टेलर म्हणाला, मैं भी आता. झाले चौघे.

देऊळगाव राजावरून जालना, जालन्याहून रेल्वे, मग मुंबई, मग लाल गाडीनं घाटाघाटातून. अजीज प्रत्येक वळणावर खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकत होता आणि तू प्रत्येक स्टँडवर उतरून तिथल्या सायकलवाल्याशी गप्पा ठोकत होता. दोनदा गाडी तुझ्यासाठी थांबवावी लागली. कंडक्टर मला म्हणाला, हा तुमचा कोण? मी म्हणालो, ओळखीचा नाही.

वसंताचं घर नारळांत बुडालेलं. त्याची आई दारातच उभी. तिनं आपल्याला पानं वाढली. भात, माशाची आमटी आणि तांदळाची भाकर. तू भाकर उचलली, उजेडाकडे धरली, उलटीसुलटी पाहिली आणि हळूच मला म्हणाला, “ही भाकर बिमार हाय का बे? रंगच उतरला हिचा.” मी कोपरानं ढोसलं, पण म्हातारीनं ऐकलं होतं. रागावली नाही ती. दुसऱ्या दिवशी कुठून तरी मिरच्या आणून तिनं ठेचा केला आणि तुझ्या पानात वाढून समोर बसून राहिली. तू डोळ्यांतून पाणी काढत सगळा खाल्ला. त्या दिवसापासून तू तिला माय म्हणायला लागला आणि ती तुला मेल्या म्हणायला लागली.

समुद्र पाहिला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. सुरूच्या झाडांमधून बाहेर आलो आणि तू गप्प झाला. बीबीपासून मालवणपर्यंत तुझं तोंड बंद नव्हतं, तो तू गप्प. अजीज म्हणाला, अरे बोल की कुछ. तू बऱ्याच वेळानं बोलला, “येवढ्या मोठ्या वावराले धुराच नाई ना बे, बांधच नाई कुठं.” आणि हसायला लागला. मग आपण चौघंही हसायला लागलो, उगीचच, लहान पोरांसारखे, वाळूत लोळेपर्यंत. सुखदेव, त्याच्यानंतर मी तसा हसलो नाही रे. खरंच नाही.

इथून आपलं भांडण सुरू होतं, म्हणून नीट सांगतो.

आपण विहिरीत पोहायला शिकलेले. पाण्यात चालत जायचं असतं हे आपल्या बापजाद्यांनाही माहीत नव्हतं. उन्हाळाभर आपण तुझ्या बापाच्या विहिरीत पडलेले असायचो. तिथला कायदा एकच होता. उडी मारायच्या आधी काठावरून खडा टाकायचा आणि ओरडायचं, सरका बे! म्हणजे खाली पोहणारा भिंतीशी सरकतो आणि कोणी कोणाच्या डोक्यावर पडत नाही. जो खडा न टाकता पडेल, त्याला दिवसभर पाण्यात येऊ द्यायचं नाही. हा कायदा तूच केला होता आणि तूच पाळायला लावत होता.

तर त्या सकाळी तू समुद्राची इकडची बाजू पाहिली, तिकडची बाजू पाहिली आणि वसंताला विचारलं, “पायऱ्या कोन्या बाजूनं हायेत?”

“कसल्या पायऱ्या?”

“पान्यात उतराच्या.”

वसंता पोट धरून हसला. “अरे, चालत जा ना सरळ!”

“चालत? पान्यात चालत ढोरं जातेत,” तू म्हणाला आणि कडेच्या काळ्या खडकावर चढला. मीही तुझ्या मागं चढलो, कारण तू चढला म्हणजे मी चढणारच. वसंता खालून ओहोटी, ओहोटी असं काहीतरी ओरडत होता. आपल्याला काय कळणार? आपलं पाणी उन्हाळ्यात उतरतं आणि श्रावणात चढतं. ते रोज येतं-जातं, हे आपल्याला कोणी शिकवलं होतं? मी मास्तर असून मला माहीत नव्हतं. तू खडकावरचा एक खडा उचलला, त्या अफाट पाण्यात टाकला, अख्ख्या समुद्राला “सरका बे!” म्हणून सांगितलं आणि पाय पोटाशी घेऊन धाडकन उडी मारली.

विहिरीत तळ लागत नसतो. तुला तळ लागला. तू बुडावर आपटला, दचकला, आणि तेवढ्यात लाट आली आणि तुला उलटा करून गेली. मला वरून फक्त तुझे दोन पाय दिसले. डोकं कुठं आहे ते दिसेना. मी काही विचार केला नाही, तसाच उडी मारून पडलो, तो नेमका तुझ्या अंगावर.

पुढं काय झालं ते तू एक सांगायचा, मी एक सांगायचो. मी म्हणायचो, तू गटांगळ्या खात होता, मी हात धरून ओढला. तू म्हणायचा, “म्या उठूनच राह्यलो होतो, तं हा बैलासारखा अंगावर पडला. खडा नाई टाकला, काई नाई! आन् तोंड उघडं ठेवून पडला, पानी पेऊन राह्यला घटाघटा. मंग म्या याले काढलं.” एवढं मात्र दोघांनाही मान्य होतं की आपण एकमेकांना धरून पाण्यात हातपाय मारत होतो, बोंबलत होतो, आणि कडेला शिंपल्या काढणारी एक बाई हातातली टोपली खाली ठेवून ओरडली, “मेल्यांनू, उभे ऱ्हवा! कमरेइतक्या पाण्यात बुडतास काय?”

आपण उभे राहिलो. पाणी खरंच कमरेएवढं होतं. ती बाई, वसंता, अजीज, सगळे हसत होते. आणि तू नाकातलं पाणी शिंकरून पहिलं वाक्य काय बोलला? “वाचवलं का नाई तुले?”

झालं. तिथून जे सुरू झालं, ते जेवताना चाललं, झोपताना चाललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाललं. वसंताच्या आईनं डोक्याला हात लावला. म्हणाली, “दोघांनी दोघांक काढल्यात. आता जेवा गप.” पण ते आपल्याला कसं पटणार? अजीजला साक्षीला बोलावलं, तर तो म्हणाला, “मेरे कू क्या मालूम? मैं कपडे संभाल रहा था.” पुढं मला कळलं, त्याला सगळं दिसलं होतं. पण एकाची बाजू घेतली की दुसऱ्याचा चहा बंद होईल, हे तो टेलर त्या खडकाशेजारी बसल्या बसल्या बेतून मोकळा झाला होता.

कपड्यांवरून आठवलं. त्याच दिवशी अजीजनं आपल्या चौघांचे कपडे समुद्रात धुतले, बिनसाबणाचे. आपल्या लोणारच्या तळ्याच्या पाण्यात कपडा चोळला की हाताला बुळबुळ लागते आणि मळ आपोआप सुटतो. खारं पाणी ते खारं पाणी, असं त्याचं गणित. कपडे वाळले ते पापडासारखे. तुझा सदरा तर हातात धरला की उभाच राहायचा. तोच घालून तू गावभर हिंडला आणि ज्याला त्याला सांगत सुटला, आमच्या तळ्याले तुमच्या समुद्रापेक्षा जास्त अक्कल हाय. लोकांना ते पटलंसुद्धा. काय माणूस होता रे तू!

आठवडाभर राहिलो आपण. तू होडीतून गेला, जाळं ओढलं, कोळ्यांच्या दोन मोडक्या सायकली नीट करून दिल्या, नारळाच्या झाडावर अर्ध्यापर्यंत चढला आणि तिथून उतरता येईना म्हणून बोंब मारली. निघताना एका बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं. “आपला हिस्सा,” म्हणाला. ती बाटली तुझ्या दुकानात सोल्यूशनच्या डब्यांशेजारी होती. पंक्चरला येईल त्याला तू एक थेंब चाखवायचा आणि वर आपल्या भांडणाची गोष्ट सांगायचा, तुझ्या बाजूनं. पाणी संपत आलं की तू विहिरीच्या पाण्यात मीठ घालून भरत होता, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. तेवढी एक गोष्ट मी तुझी झाकली, तीही लक्षात ठेव.

वसंताची पुढं बदली झाली. अजीज मशीन उचलून जालन्याला गेला. उरलो आपण दोघं. बीबीच्या बाजाराच्या दिवशी मी गाडीनं यायचो, भाजीची थैली तुझ्या दुकानात टेकवायचो, आणि तू वर न पाहताच म्हणायचा, “आले का बुडालेले मास्तर?” की झाली सुरुवात. तुझ्या लग्नात हे भांडण झालं. माझ्या पोराच्या बारशाला झालं. माझी आई गेली तेव्हा तू आला, माझ्याजवळ बसला, आणि मग हळूच म्हणाला, “पन काढलं तं म्याच होतं.” तेव्हा मी आई गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता रडलो. ते मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

दर उन्हाळ्यात ठरायचं, यंदा बायकांना घेऊन जाऊ, त्यांनाही त्यांचा हिस्सा दाखवू. दर उन्हाळ्यात काहीतरी निघायचं. कधी पाऊस लांबलेला, कधी घरातलं लग्न, कधी तुझ्या पोरीचा गोवर. घाई काय आहे, म्हणायचो आपण. समुद्र कुठं पळून जातो?

आता खरी गोष्ट. ही मी कोणाजवळ बोललो नव्हतो. देवाशपथ सांगतो, मला आठवत नाही. पाण्यात डोळे मिटलेले होते. नाकातोंडात खारं पाणी होतं. मी आता मेलो असंच वाटत होतं. तेवढ्यात एक हात हातात आला, सायकलच्या कामानं खरखरीत झालेला. तो मी धरला की त्यानं मला धरलं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर कितीही आठवलं तरी कळलं नाही. भांडत मात्र राहिलो, जसा काही पंचनामा केलेला.

तेरवीला मंडपात मी तुझ्या फोटोकडे पाठ करून बसलो होतो. हार घातलेला तू मला पाहवत नव्हता. जेवणं उरकली होती. वहिनी आल्या, खांबाला टेकून बसल्या, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “भाऊजी, आता तं खरं सांगा. समुद्रातून कोनी कोनाले काढलं?”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. तुझी अख्खी भावकी, स्टँडवरचे लोक, जालन्याहून आलेला अजीज. तू नव्हता. मी काहीही बोललो असतो तरी खोडायला कोणी नव्हतं. सोळा-सतरा वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली ती समोर आली होती. तुझी पोरगी वहिनींच्या खांद्याशी उभी होती. तिनं तुझ्या तोंडून ही गोष्ट हजारदा ऐकली असेल.

मी म्हणालो, “त्यानंच मले काढलं, वहिनी. म्या उगाच भांडत होतो.”

अजीजनं खाली मान घातली. आणि वहिनी एकाएकी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, रडत रडत. “घ्या! आता हे उलटं सुरू झालं,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यात मले काय म्हनत होते ठाऊक हाय? म्हनत, खरं तं मास्तरनंच मले काढलं. पन त्याले सांगजो नको. भांडन मिटलं तं तो बाजाराच्या दिवशी येनार नाई.”

सुखदेव, मी उठलो आणि मंडपाबाहेर आलो. निघालो, तो थेट तुझ्या बापाच्या विहिरीवर. पाणी बरंच खाली गेलं आहे. काठावर बसलो. शुद्ध भाषेत लिहायचं म्हणून आत्तापर्यंत दमानं लिहिलं, आता नाही होत माझ्याच्यानं.

काऊन रे असं केलं? मी येनार नाई असं तुले वाटलंच कसं बे? येड्या, मी का भांडाले येत होतो? भाजी तं लोनारात बी भेटते. मी तुले पाहाले येत होतो. तू वर न पाहता म्हनत होता ना, आले का बुडालेले मास्तर, ते ऐकाले येत होतो. अन् म्या बी तेच केलं ना रे! मले काई आठवत नाई, हे म्या बी म्हनून कबूल नाई केलं. तू बोलनं बंद करशीन, म्हनून. दोघं बी सारखेच येडे निघालो आपन.

तुनं मले समुद्र दाखवला. नकाशातला दाखवनारे लई भेटतेत. तुनं खरा दाखवला. त्याच्यासाठी तुले कधी बरं म्हटलं नाई. आता म्हनतो.

वहिनीले अन् पोरीले ह्या उन्हाळ्यात घेऊन जाऊन राह्यलो. वसंताले लिहिलं. अजीज बी येतो म्हने, कपडे संभाळाले. पोरीले तिचा हिस्सा दाखवतो, अन् पान्यात चालत जा म्हनतो. बापाचं काई ऐकू नको म्हनतो.

अन् आपलं राह्यलं. आता मी म्हनतो तुनं काढलं, अन् तू म्हनतो मास्तरनं काढलं. हे काई इथं मिटत नाई. तिथं आल्यावर पाहू. उठता उठता म्या काठावरचा एक खडा उचलला, अन् विहिरीत टाकला. त्या डावाले न टाकता पडलो होतो तुह्या अंगावर, तू जलमभर बोलला मले. आता टाकला हाय. घाई नाई मले, पन येनार तं हावोच.

सरक बे.